आरोपी एकच : त्रेस पातिनेस

स्पॅनिश बोलणाऱ्या जगात असा एक आरोपी होऊन गेला, ज्याच्यावर वर्षानुवर्षं खटले चालले आणि जो जवळजवळ दर वेळी दोषी ठरला. होसे कांदेलारियो त्रेस पातिनेस हे त्याचं नाव. त्याला आवाज देणारे क्युबन विनोदवीर लिओपोल्दो फर्नांदेस यांचा जन्म 1904 चा. 1985 च्या नोव्हेंबरात मायामीत त्यांचं निधन झालं. त्यांनी रंगभूमी गाजवली, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर कामं केली, गाण्यांच्या तबकड्या काढल्या. पण त्यांना अमर केलं ते रेडिओवरच्या एका कोर्टाने. त्या कोर्टाचं नाव ‘ला त्रेमेंदा कोर्ते’.

क्युबात रेडिओ आला 1922 मध्ये आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने सारं बेट काबीज केलं. अमादो त्रिनिदाद यांचं ‘कादेना आसुल’ आणि गोआर मेस्त्रे यांचं ‘सी.एम.क्यू.’ ही दोन बलाढ्य केंद्रं एकमेकांचे कलाकार पळवण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतत होती. फेलिक्स काइग्नेत यांच्या ‘जन्माचा हक्क’ या रडव्या मालिकेने 1948 मध्ये घराघरांत डोळे ओले केले, ते याच सी.एम.क्यू.वरून. श्रोत्यांना रडवणारे आणि हसवणारे असे एकाच छपराखाली नांदत होते. ‘ला त्रेमेंदा कोर्ते’ 1942 मध्ये कादेना आसुलवर सुरू झालं, काही वर्षांनी सी.एम.क्यू.कडे गेलं आणि 1961 पर्यंत चाललं.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला. कोर्ट भरतं, कारकून पुकारा करतो, प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या तऱ्हेने हजेरी देतो. न्यायाधीशाच्या भूमिकेत आनिबाल दे मार. नानानिना ही ठसकेबाज बाई रंगवणाऱ्या मिमी काल या एकेकाळच्या लिओपोल्दोंच्या पत्नी. रुदेसिंदो हा स्पेनमधल्या गालिसियाहून आलेला, सहज फसणारा गृहस्थ. ते काम आदोल्फो ओतेरो यांचं. फिर्यादी बहुधा या दोघांपैकी कोणीतरी. आरोपी मात्र बदलत नाही. गुन्हा कितीही क्षुल्लक असो, त्याच्या नावाला ‘हत्या’ अर्थाचं शेपूट जोडून तो भयंकर केला जायचा. शेवटी न्यायाधीश निकाल देणार, तोही यमक जुळवून.

मग इतकी वर्षं लोकांनी तेच तेच का ऐकलं? उत्तर लिओपोल्दोंच्या आवाजात आहे. त्रेस पातिनेस खोटं बोलतो, पण कधी घाबरून बोलत नाही. न्यायाधीश सरळ प्रश्न विचारतो, हा वेड पांघरून पेडगावला जातो. कायद्याचा जड शब्द कानावर पडला की त्याचा जवळपासचा, पण भलताच शब्द उचलतो आणि त्यावरून न्यायाधीशालाच चार गोष्टी समजावू लागतो. न्यायाधीशाचा पारा चढतो तसतसा याचा स्वर मऊ होतो. उत्तरापूर्वी तो किंचित थांबतो, आणि त्या थांबण्यातच आपल्याला कळतं की आता नवी थाप येतेय. रेडिओवर चेहरा दिसत नाही, डोळे मिचकावता येत नाहीत. सारा साळसूदपणा स्वराच्या चढउतारांत उतरवावा लागतो. हे काम त्यांच्याइतकं सफाईने करणारा दुसरा नट माझ्या ऐकण्यात नाही.

या विनोदाची मुळं जुनी आहेत. हवानात 1868 पासून ‘तेआत्रो बुफो’ नावाची प्रहसनांची परंपरा रुजली. चतुर ‘नेग्रितो’, भोळा किंवा चिक्कू ‘गालेगो’ आणि तोऱ्यातली मिश्रवर्णीय ‘मुलाता’ ही तिची ठरलेली पात्रं. नेग्रितोचं सोंग गोरे नट तोंडाला काजळी फासून वठवत. गुलामगिरी सोसलेल्या समाजाची ती उघड टवाळी होती, त्याबद्दल बोलताना गुळमुळीत होण्याचं कारण नाही. रेडिओने काजळी पुसली, पण पात्रांचं त्रिकूट तसंच राहिलं. आनिबाल दे मार यांनीही आधी नाव कमावलं ते चान ली पो या चिनी गुप्तहेराच्या भूमिकेत. ‘ला सेर्पिएंते रोखा’ या 1937 च्या, क्युबातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या बोलपटातही तेच चान ली पो होते. परक्या जमातीचं सोंग हे त्या काळच्या विनोदाचं भांडवल होतं.

तरीही त्रेस पातिनेस त्या सोंगाच्या पलीकडे गेला, याचं बरंचसं श्रेय लेखक कास्तोर विस्पो यांना. ते स्वतः गालिसियातल्या ला कोरुन्याचे, तरुणपणी क्युबात आलेले. रुदेसिंदोची फजिती करणारा लेखक त्याच्याच गावाकडचा होता! विस्पोंनी त्रेस पातिनेसला जातीची ओळख दिली नाही, परिस्थितीची दिली. तो कफल्लक आहे, त्याला काम नको आहे, पोट मात्र भरायचं आहे. हवानापासून लिमापर्यंत कोणत्याही शहराच्या गल्लीत असा माणूस होता, म्हणून तो सगळीकडे आपला वाटला.

लिओपोल्दो आणि आनिबाल ही जोडी कोर्टाबाहेरही चालली. पोतोतो आणि फिलोमेनो या नावांनी त्यांनी प्रहसनं केली, ‘मेलोदियास देल 40’ या वाद्यवृंदाबरोबर गाणी म्हटली. माझ्या मते ती गाणी गमतीची आहेत, पण कोर्टाची सर त्यांना नाही.

1959 ची क्रांती झाली, पुढच्या वर्षी सी.एम.क्यू. सरकारच्या ताब्यात गेलं. त्या दिवसांतला एक किस्सा मायामीतले क्युबन अजून सांगतात : रंगमंचावर एकेका राष्ट्राध्यक्षाची तसबीर हातात घेत लिओपोल्दो फिदेल कास्त्रोंच्या तसबिरीपाशी आले आणि म्हणाले, याला मी स्वतः टांगणार. किस्सा पसरता पसरता फुगला असेल, पण तो याच नटाच्या नावावर जमा झाला हे लक्षात घेण्यासारखं आहे. न्यायाधीशापुढे न दबणारा आरोपी सत्तेपुढेही असाच बोलेल, असं लोकांनी गृहीत धरलं होतं.

लिओपोल्दोंनी देश सोडला, विस्पो हवानातच राहिले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतल्या मोंतेर्रेई शहरात कोर्ट दूरचित्रवाणीवर भरलं. लिओपोल्दो आणि आनिबाल तिथेही होते. पण चेहरे दिसू लागले आणि कल्पनेला उरलेली जागा आक्रसली. मला तरी रेडिओचे भागच सरस वाटतात. पुढची वर्षं लिओपोल्दो मायामीत नाटकं आणि रेडिओ करत राहिले.

मूळ ध्वनिमुद्रणांपैकी तीनशेहून अधिक भाग शिल्लक आहेत. मेक्सिको, पेरू, कोलंबियातल्या केंद्रांनी ते दशकानुदशकं पुन्हा पुन्हा लावले, आणि आता ते इंटरनेटवर सहज मिळतात. स्पॅनिश येत नसेल तरी एखादा भाग लावून पाहा. न्यायाधीशाचा चढलेला आणि आरोपीचा उतरलेला सूर एवढाच ऐकत राहिलात, तरी खटला कुठवर आलाय ते कळेल. आणि ऐकाल तेव्हा श्रेयनामावलीतलं विस्पोंचं नाव तेवढं ध्यानात ठेवा.