श्वासाची शास्त्रकथा, लेखांक ७ : जंतूची ढाल आणि आपली गोळी

मागच्या लेखांकात आपण न्यूमोनिया पाहिला. आज क्षय. नगरजवळच्या भिंगारच्या पेठेत काय किंवा छावणीच्या हद्दीत काय, घरात टीबी निघाला की माणसे अजूनही आवाज खाली आणतात. पण या रोगात फुप्फुसाच्या आत जी रासायनिक लढाई चालते ती समजली, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांचा अर्थ कळतो.

क्षयाचा जंतू श्वासावाटे आत आला की फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला गिळते आणि त्याच्यावर ऑक्सिजनचे जहाल रूप सोडते : आधी सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर ओतल्यावर फेसाळते तेच हे पेरॉक्साइड. ज्या मुलांमध्ये हा मारा करणारे विकर जन्मतःच नसते त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतात. काहींना तर बीसीजी लशीतल्या दुबळ्या जंतूचाही त्रास होतो. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत अशा मुलांच्या आजाराचे निदान आणि संशोधन चालते.

हा मारा दुधारी आहे. लांबला तर फुप्फुसाचेच ऊतक जळते. त्यात विडीच्या धुराची भर पडली की नुकसान वाढते, कारण धुरातही असेच जहाल कण असतात. नगर आणि संगमनेर ही विडी वळणाऱ्यांची जुनी गावे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

क्षयाचा जंतू मात्र या माऱ्यातून तगतो. त्याच्याजवळ ‘कॅट-जी’ नावाचे विकर आहे. ते पेरॉक्साइड निकामी करते. ही त्याची ढाल.

आता खरी गंमत. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे औषध क्षयावर वापरात आले. ते मुळात निष्क्रिय असते. जंतूच्या पोटात गेल्यावर हेच कॅट-जी त्याला विष बनवते. म्हणजे जंतू ज्या ढालीवर जगतो तीच त्याचा घात करते. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये हे विकर मंदावते, असे संशोधक मिडलब्रूक यांना १९५४ मध्येच दिसले होते. त्यामागचे जनुक लंडन आणि पॅरिसच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. प्रतिरोधी जंतूंत बहुधा कॅट-जीच्या ३१५ व्या जागी एकच बदल असतो. ढाल बरीचशी शाबूत राहते, औषध मात्र जागे होत नाही. मला तर हा बदल फार भीतिदायक वाटतो.

फुप्फुसात पोकळी पडली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात, आणि त्यांत असे बदललेले थोडे आधीपासूनच असू शकतात. एकच औषध दिले तर तेवढेच उरतात आणि वाढतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधे एकत्र, पुढचे चार महिने तीन. बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडणे किंवा आठवड्यात दोनदा विसरणे म्हणजे त्या बदललेल्यांना वाट करून देणे.

प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत, क जीवनसत्त्वाने क्षयाचे जंतू मरतात हे २०१३ मध्ये दिसले आहे. तेवढ्यावर कोणी ‘अँटीऑक्सिडंट’ची महागडी डबी विकू लागला तर घेऊ नका, उपचार तो नव्हे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन यांतले काही असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या जलद चाचण्या त्या चार औषधांतल्या रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध सांगतात. आयसोनियाझिडसाठी वेगळी तपासणी लागते. ती झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये थेट खात्यात मिळतात.