गाडीच्या दाराला जाळी कशी बसवावी?

मित्रांनो, आपल्या निफाड तालुक्यातून कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्या तुम्ही नेहमी पाहता. लासलगावच्या मार्केटला कांद्याचा लिलाव होतो. नंबर लवकर लागावा म्हणून बऱ्याच गाड्या आदल्या रात्रीच जाऊन थांबतात. मग ड्रायव्हर झोपतो कुठे? गाडीतच! माझे अण्णा पिकअप चालवतात. तेसुद्धा केबिनमध्येच झोपतात. म्हणून आम्ही घरीच गाडीच्या दाराला डासांची जाळी बनवली. ती कशी बनवली ते मी या लेखात सांगते.

जाळी कशाला हवी?

चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात विकायला निघतो. डासही तेव्हाच फार असतात. केबिनच्या काचा लावल्या तर आत घामाच्या धारा लागतात. काचा उघडल्या की कानाशी गुणगुण सुरू. काही जण बंद केबिनमध्ये कॉइल लावतात, पण धूर आतच कोंडतो आणि तो छातीला वाईट असतो. मागच्या पावसाळ्यात अण्णांना हिवताप आला. पंधरा दिवस गाडी दारात उभी होती. गाडीचा हप्ता राहिला, तेव्हा आजीने तिची एक शेळी विकली. आईला तर दुसरीच काळजी असते. ती म्हणते, "ताप औषधाने जाईल, पण रात्रभर झोप नाही आणि गाडी चालवताना डुलकी लागली तर काय करायचं?"

डासांविषयी थोडी माहिती

फक्त मादी डास माणसाला चावते. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. आपण श्वास सोडतो त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिला माणूस कुठे आहे ते कळते. म्हणून अंधारातही ती बरोबर येते. हिवतापाचा प्रसार अ‍ॅनाफिलीस नावाचा डास करतो आणि तो बहुतेक रात्री चावतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. या शोधकार्यासाठी त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

साहित्य

नायलॉनची जाळी, जुन्या साडीचे काठ, छोटे गोल चुंबक, सुई-दोरा, शिंप्याची टेप, जुने वर्तमानपत्र.

जाळी घेताना पट्टी घेऊन जावे. एका इंचात कमीत कमी १२-१३ भोकं मोजून यायला हवीत. भोकं मोठी असली तर डास आत घुसतो. आमच्या जाळीत एका इंचात १६ भोकं आहेत. म्हणजे एका चौरस इंचात १६ × १६ = २५६ भोकं झाली!

माप

आमच्या गाडीचे दार उघडल्यावर मोकळी जागा ३० इंच रुंद आणि ४४ इंच उंच आहे. जाळी चारी बाजूंनी ३ इंच पत्र्यावर बसली पाहिजे. म्हणून पडदा ३६ इंच रुंद आणि ५० इंच उंच झाला. आत-बाहेर करता यावे म्हणून आम्ही मधोमध दोन तुकडे केले. प्रत्येक तुकडा मध्याच्या पुढे ४ इंच जादा ठेवला, म्हणजे एकावर एक ८ इंच येतात. शिवणीसाठी प्रत्येक कडेला १ इंच जास्त धरला. एक तुकडा २४ इंच रुंद आणि ५२ इंच उंच कापावा लागला.

कृती

१. दाराची चौकट सरळ नसते, पुढच्या बाजूला तिरपी असते. म्हणून आधी वर्तमानपत्र लावून आकार काढावा आणि मग जाळी कापावी.

२. सगळ्या कडांना साडीचा काठ दुमडून शिवावा. काठामुळे जाळी उसवत नाही आणि जड होऊन सरळ लोंबते.

३. काठाच्या आत दर ६ इंचांवर एक चुंबक ठेवून शिवून टाकावा. पडद्याची कड १७२ इंच. १७२ ÷ ६ केले तर २८ येतात आणि बाकी ४. आम्ही ३० चुंबक आणले. गाडीचा पत्रा लोखंडी असल्यामुळे चुंबक पटकन चिकटतो. कापड मधे असल्यामुळे रंगाला ओरखडे पडत नाहीत.

४. चुंबक रबराच्या पट्टीवर लावू नये, तिथे तो धरत नाही. रबराच्या बाहेर पत्र्यावर लावावा.

५. दार फार उघडू नये म्हणून बिजागरीजवळ एक लोखंडी पट्टी असते. ती जाळीच्या मधे येते. तिथे जाळीला छोटी चीर द्यावी आणि चिरेवर कापडाचे झाकण शिवावे. एवढ्याशा चिरेतूनही डास येतो बरं का!

६. रस्त्याच्या बाजूचे दार बंदच ठेवावे. त्याची काच खाली करून दारावर जाळीची पिशवी वरून चढवावी, उशीला अभ्रा घालतो तशी. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या म्हणजे वारा एकीकडून येतो आणि दुसरीकडून जातो.

तपासणी

दिवसा आत बसून कडेकडेने बघावे. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे फट आहे असे समजावे. मग उदबत्ती पेटवून जाळीपासून हातभर लांब धरावी. धूर जाळीतून जातो, म्हणजे हवा खेळते आहे. डास जाळीच्या मधून येत नाही, कडेने येतो. म्हणून सगळे लक्ष कडांवर हवे. जाळी लावल्यावर आत अडकलेले डास आधी हाकलून द्यावे.

काळजी

दर आठवड्याला जाळी झटकावी, धुळीने भोकं बंद होतात. फाटली तर लगेच रफू करावी. आणि मित्रांनो, डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा आपण जाळीत नसतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळावा. रांजण, पिंप, कुलरचे पाणी ओतून घासून कोरडे करावे. टायर, करवंट्या पालथ्या घालाव्यात.

ही जाळी अण्णांनी आता या पावसाळ्यात चार वेळा लासलगावला नेली. ते म्हणाले, "डास बाहेर गात होते, मी आत घोरत होतो!" ज्यांच्या घरी पिकअप किंवा टेम्पो आहे त्या पालकांनी जरूर अशी जाळी करून बघावी. कागदाचा नमुना मी जपून ठेवला आहे. कोणाला हवा असेल तर मधल्या सुट्टीत मागावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी