पिवळी टोपी आणि सायकलचा ब्रेक

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले, की बाळे, केगाव, कोंडी ही गावे मागे पडतात आणि थोड्या वेळाने चिंचोळी एमआयडीसी लागते. कॅमशाफ्टच्या ओतकामापासून रसायनांपर्यंत नाना प्रकारचे कारखाने येथे आहेत. तेथील एका प्रयोगशाळेत आमचे काही दिवस काम होते. संध्याकाळी पाळी सुटली, की आम्ही फाटकाशी चहा घेत उभे राहत असू. मोटरसायकलींच्या गर्दीतून आसपासच्या गावांकडे जाणाऱ्या सायकलीही बाहेर पडत. त्यांत वडिलांच्या वेळची काळी सायकल असे, तशीच जाड टायरची आणि चाकाला चकती लावलेली नवी ‘गिअरवाली’ही असे. काहींच्या डोक्यावर कारखान्याची पिवळी टोपी तशीच असे. डोक्याला संरक्षण आहेच, मग काढा कशाला, असा हिशेब!

जवळच्याच गावातील एका शिक्षकमित्रांनी आम्हांला विचारले, “आमचा एक विद्यार्थी आयटीआय करून इथे शिकाऊ म्हणून लागला आहे. त्याला डोंगरी सायकल घ्यायची आहे. पैसे मोजकेच आहेत. काय सांगू?” प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देऊ लागलो, तेव्हा नववी-दहावीचे निम्मे यंत्रशास्त्र त्यात आले.

सुरुवात ब्रेकपासून करू. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मी. समोर म्हैस आली, हे लक्षात येऊन बोटे दाबली जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो आणि तेवढ्यात सायकल ५.६ मी. पुढे गेलेली असते. पुढचे अंतर ब्रेकवर अवलंबून. सेकंदाला २.५ मी. प्रति सेकंद या दराने वेग कमी झाला, तर आणखी ६.२ मी. लागतात. ब्रेक ओला असल्यामुळे हाच दर १ वर आला, तर १५.४ मी. म्हणजे एकूण थांबण्याचे अंतर १२ मी.वरून २१ मी.वर गेले. वर्गाच्या खोलीची लांबी मोजून हा फरक मुलांना दाखवावा.

काळ्या सायकलीच्या दांड्यांच्या ब्रेकमध्ये रबराचे ठोकळे रिमच्या आतल्या बाजूवर दाबले जातात. रिम पोलादी आणि क्रोमचा मुलामा दिलेली. कोरडी असेतो ठीक. पावसात मात्र तिच्यावर पाण्याचा थर बसतो आणि रबराची पकड कितीतरी कमी होते. चाकाचे पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यातच जातात. अॅल्युमिनियमच्या रिमवर हा दोष बराच कमी असतो. म्हणून पावसाळ्याचा विचार करून सायकल घेताना आम्ही आधी रिम कशाची आहे हे पाहू. चुंबक खिशात असला की झाले.

आता पुढचा ब्रेक की मागचा? पुढचा दाबला तर सायकल उलटते, म्हणून मागचाच वापरावा, हे आपल्याकडे घराघरांत शिकवले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. सायकल हातात धरून चालत ढकलावी आणि पुढचा ब्रेक दाबावा. मागचे चाक उचलले जाते. मग मागचा दाबावा. चाक फरफटत जाते, पण सायकल चटकन थांबत नाही. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर सरकतो; मागचे चाक हलके होते आणि हलक्या चाकाला जमीन धरता येत नाही. स्वाराचा व सायकलचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मी. उंच आणि पुढचे चाक जमिनीला टेकते तेथून ०.६ मी. मागे धरला, तर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ ÷ १.१, म्हणजे सुमारे ०.५५ पट मंदनापर्यंत सायकल उलटत नाही. कोरड्या डांबरावर केवळ मागच्या ब्रेकने जेमतेम ०.२५ पट मिळते. निम्म्याहूनही कमी! तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा क्रमाक्रमाने वाढवत आणि अंग मागे झुकवून दाबावेत. सुट्या मुरमावर किंवा वळणात मात्र पुढच्याला जपून हात लावावा; तेथे उलटण्याआधी चाक घसरते.

दुकानात मुलांचे डोळे जातात ते चकतीच्या ब्रेककडे. चकतीचा व्यास बहुधा १६० मिमी, म्हणजे त्रिज्या ८ सेंमी. २६ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३३ सेंमी. रस्त्याशी जेवढे बल हवे, त्याच्या चौपट चकतीवर द्यावे लागते. हा तरफेचाच नियम. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकला हा तोटा नाही. खरे तर रिम हीसुद्धा एक मोठी चकतीच आहे! मग चकती कशासाठी? ती चिखलापासून दूर राहते, रिम वाकडी झाली तरी चालते, आणि रिम झिजत नाही. सोलापूरकडची काळी माती पावसात मडगार्ड आणि रिम यांच्यामध्ये अशी भरते, की चाकच फिरेनासे होते. रोज शेतातल्या वाटेने यायचे असेल, तर चकतीला नक्कीच अर्थ आहे. परंतु स्वस्त सायकलीवर तारेने ओढली जाणारी जी चकती येते, तिच्यात बोटांचे बरेचसे बल तार ताणण्यात आणि पातळ भाग वाकवण्यात खर्ची पडते. शिवाय यंत्रावर काम केलेल्या हाताचे तेल चकतीला लागले, की पॅड ते शोषतात आणि ब्रेक जवळजवळ निकामी होतो. डांबरी रस्त्याच्या स्वारासाठी, त्याच पैशांत, चांगली अॅल्युमिनियमची रिम आणि दोन भुजांचा व्ही-ब्रेक हे स्वस्त चकतीपेक्षा बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची रबरेही कोणत्याही दुकानात मिळतात.

चाकाबद्दल एक गमतीचा प्रयोग. सायकल कोणीतरी धरावी आणि जमिनीकडच्या आऱ्या बोटाने छेडून स्वर ऐकावा. मग एखाद्या वजनदार मुलाला वर बसवून पुन्हा छेडाव्यात. खालच्या दोन-चार आऱ्यांचा स्वर उतरतो. बाकीच्यांचा फारसा बदलत नाही. आऱ्या आधीच ताणून बसवलेल्या असतात; भार आला की खालच्यांचा ताण कमी होतो, एवढेच. तो शून्यावर आला, की आरी सैल पडते आणि चाक डुगडुगते. एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या आऱ्यांचे पेटंट जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये घेतले. चकतीचा ब्रेक तुंब्याला धरतो आणि तेथून जोर आऱ्यांमार्फतच रिमकडे जातो. म्हणजे चकती लावली, की आऱ्यांची निगा अधिक महत्त्वाची.

जाड, गाठीदार टायर मातीत पकड धरतो. डांबरावर मात्र त्या गाठी सतत दबत-सुटत राहतात आणि पायांची ऊर्जा उष्णतेत जाते. मागच्या चाकावर ५० किलोचा भार आणि हवेचा दाब वातावरणाच्या तिप्पटीने अधिक असेल, तर टायर सुमारे १६ चौ. सेंमी.वर टेकतो. टायरला शाई लावून आलेखाच्या कागदावर ठसा घ्यावा, चौकोन मोजावेत. दाब स्वतःच काढता येतो. गाठीदार टायरला हा हिशेब नीट बसत नाही. का, ते मुलांनाच विचारावे.

आता पिवळी टोपी. कारखान्यातील ही टोपी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी बनवलेली असते. आतल्या पट्ट्यांची जाळी टाळूवरचा आघात पसरवते. सायकलस्वार पडतो तो आडवा; आघात कपाळाच्या बाजूला किंवा कानशिलावर बसतो, आणि हनुवटीखाली पट्टा नसल्याने टोपी त्याआधीच उडालेली असते. सायकलच्या हेल्मेटचे तत्त्व निराळे. १.५ मी. उंचीवरून पडलेले डोके सेकंदाला ५.४ मी. वेगाने जमिनीवर येते. ते २ सेंमी.मध्ये थांबले, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या ७५ पट, २ मिमी.मध्ये थांबले, तर ७५० पट. हे २ सेंमी. फेसाचा थर चिरडून मिळवून देतो. ईएन १०७८ या युरोपीय मानकाच्या चाचणीत साधारण याच वेगाने सपाट पोलादावर आपटून मंदन २५० पटीच्या आत राहिले पाहिजे. फेस म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त अधिक घट्ट. एक अंडे फरशीवर आणि एक थर्माकोलच्या जाड तुकड्यावर थोड्या उंचीवरून टाकून पाहावे. तुकड्यावर पडलेला खड्डा परत भरून येत नाही, म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट बदलायचे असते. ट्रकच्या धडकेपुढे मात्र ते फारसे उपयोगी नाही, हेही मुलांना सांगावे. तेथे दिसणे महत्त्वाचे. कारखान्याची चकाकणाऱ्या पट्ट्यांची बंडी खरोखर उपयोगी पडते. रात्रपाळीच्या मुलाने टोपी ठेवून ती बंडी घालून यावे आणि मागे लाल दिवा लावावा.

पुढे मित्रांचे पत्र आले. मुलाने व्ही-ब्रेकची सायकल आणि उरलेल्या पैशांत हेल्मेट घेतले होते. तक्रार एकच, सराट्याची. पहिल्याच महिन्यात तीन पंक्चर झाली, तेव्हा काटे आत शिरू नयेत असा टायर बनवता येतो का, असे त्याने विचारले आहे. बनवता येतो, पण तो जड होतो.