काम थांबवायचं कोणी?

भारतात मान्यताप्राप्त पदवी घेतली की वास्तुविशारद म्हणून नोंदणी होते. अमेरिकेत मात्र पदवी आणि उमेदवारीसोबत सहा भागांची एआरई ही परीक्षाही द्यावी लागते, आणि तिथे हुशार मुलंही अडखळतात. बहुतेकदा गाडी ज्ञानापाशी नव्हे, प्रश्न वाचण्यापाशी अडते.

उदाहरणार्थ, साइटवर भिंत नकाशाबरहुकूम नाही. वास्तुविशारदाने काय करावं? ‘काम थांबवा’ हा पर्याय जबाबदारीचा वाटतो, पण चुकीचा आहे. तिथल्या प्रचलित ए२०१ करार-अटींनुसार सदोष काम नाकारण्याचा अधिकार वास्तुविशारदाला आहे. ते थांबवण्याचा मालकाला. बांधायचं कसं, ही कंत्राटदाराची बाब. म्हणून पर्याय वाचण्याआधी ‘हे काम कोणाचं?’ असं स्वतःला विचारावं. ऑफिसातल्या सवयीने उत्तर देणारे इथेच फसतात. ऑफिसात सगळेच सगळं करतात!

प्रश्नात ‘सर्वप्रथम’ किंवा ‘वगळता’ आहे का, तेही पाहावं. ‘सर्वप्रथम’ असेल तर चारही पर्याय बरोबर असू शकतात, विचारलेला असतो क्रम. अनेक उत्तरं निवडायच्या प्रश्नात एक चुकलं तरी गुण शून्य. मात्र चुकीला उणे गुण नाहीत, त्यामुळे कोरं काहीच सोडू नये.