कापसाच्या तंतूपासून औंढ्यापर्यंत

भौतिकशास्त्राची गोडी हाताने मोजल्यावर लागते. बोरीसारख्या गावातल्या मुलांना त्यासाठी लागणारं बहुतेक सामान गावातच मिळतं.

कापसाचा एक तंतू किती जाड असतो? परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातल्या बोरीच्या मुलांना कापूस नवा नाही. वेचणी कधी, भाव किती, धागा लांब की आखूड, हे सगळं घरात बोललं जातं. पण बोंडातून काढलेल्या एका तंतूची जाडी कुणी विचारली, तर कंपासपेटीतली पट्टी उपयोगाची नाही. तिच्यावरची सगळ्यात बारीक खूण एका मिलिमीटरची, आणि तंतू त्याच्या साधारण साठाव्या भागाएवढा.

तरीही ही जाडी नववीतली मुलगी वर्गात मोजू शकते. त्यासाठी लागतो बाजारात सहज मिळणारा लाल लेझर, एक अंधारी खोली आणि एक पांढरी भिंत.

आधी डोक्याचा केस घ्यावा. तो पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून चिकटवावा आणि त्यावर लेझरचा झोत सोडावा. (झोत कुणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये, हा पहिला नियम.) २ मीटरवरच्या भिंतीवर केसाची सावली पडत नाही. मधे लख्ख ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक उजळ-काळे पट्टे दिसतात. प्रकाश लाटेसारखा वागतो, केसाच्या दोन्ही कडांवरून वळतो. लाटा जिथे एकमेकींना मारतात, तिथे अंधार होतो.

आता हिशोब. लेझरची तरंगलांबी त्याच्या लेबलवर असते, बहुधा ६५० नॅनोमीटर. तिला भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि ठिपक्याच्या मध्यापासून पहिल्या काळ्या पट्ट्यापर्यंतच्या अंतराने भागायचं. हे अंतर १.९ सेंटिमीटर आलं, तर केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड. कापसाचा तंतू लावला की पट्टे फिकट होतात आणि लांब सरकतात. पहिला काळा पट्टा ८ सेंटिमीटरवर गेला, तर जाडी निघते ०.०१६ मिलिमीटर. वस्तू जितकी बारीक, तितकी भिंतीवरची खूण मोठी. जे डोळ्याला दिसत नाही, ते शाळेच्या पट्टीच्या आवाक्यात येतं.

इथपर्यंत पुस्तकातला धडा झाला. खरी मजा पुढे आहे. तोच तंतू थोडा वर किंवा खाली सरकवला की आकडा बदलतो. पहिल्यांदा वाटतं, आपलं मोजमाप चुकलं. पुन्हा मोजावं, तर पुन्हा तसंच. कारण तंतूच तसा आहे. बोंडात असताना तो ओली, पोकळ नळी असतो. बोंड फुटल्यावर वाळतो, चपटा होतो आणि पीळ घेतो. म्हणून कुठे रुंद बाजू समोर येते, कुठे अरुंद. याच पिळामुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत कातता येतं. जी चूक वाटली होती, तिने कापसाचं मोठं गुपित सांगितलं.

विषयाचं प्रेम इथे रुजतं. आकडा जुळला की मार्क मिळतात. आकडा जुळला नाही आणि आपण ‘का?’ म्हणून त्याच्या मागे लागलो, की भौतिकशास्त्र मिळतं.

खरखरीच्या मागे लागलेला मुलगा

असाच एका न जुळणाऱ्या गोष्टीच्या मागे लागलेला मुलगा म्हणजे रायनर वाइस. जन्म १९३२, बर्लिन. नाझींच्या छळामुळे कुटुंब देश सोडून न्यूयॉर्कला पोहोचलं. शाळकरी वयात तो युद्धानंतर स्वस्तात मिळणारे जुने भाग जोडून रेडिओ आणि संगीताची यंत्रं बनवत असे. आवाज उत्तम यायचा, पण तबकडीवरच्या सुईची खरखर काही जाईना. ती घालवायला शिकावं म्हणून तो एमआयटीत गेला. तिथे मधेच नापास होऊन बाहेर पडला, मग तिथल्याच एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागला आणि हातांनी काम करत करत भौतिकशास्त्रात परतला.

पुढे १९६७ च्या सुमारास एमआयटीतच सापेक्षतावाद शिकवताना वाइस यांनी विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न मांडला: गुरुत्वीय लहर गेली, तर दोन वस्तूंमधलं अंतर किंचित बदलेल; ते प्रकाशाने मोजता येईल का? १९७२ मध्ये त्यांनी अशा यंत्राचा आराखडा लिहिला. त्यातला महत्त्वाचा भाग होता खरखरीचा: जमिनीची थरथर, उष्णता, लेझरची अस्थिरता यांतली प्रत्येक गोष्ट किती गोंधळ घालेल, याचा हिशोब. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेली लहर टिपली. २०१७ चं नोबेल वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळालं.

तेच यंत्र शेजारच्या जिल्ह्यात

त्याच धर्तीचं यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. बोरीहून जिंतूरमार्गे तिकडे जाता येतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली.

या यंत्राला काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येकी ४ किलोमीटरची. लेझरचा झोत दोन भागांत विभागून दोन्हींत सोडतात. टोकाच्या आरशांवरून परतल्यावर दोन्ही लाटा एकमेकींना पुसून टाकतील, अशी रचना असते. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आकसते, आणि अंधाराच्या जागी प्रकाश झिरपतो. हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका असतो. केसामागच्या काळ्या पट्ट्यांत जे तत्त्व दिसतं, तेच इथे आहे: लाट लाटेला मारते, आणि त्यावरून लांबी कळते. गोंगाटातून असा इवला संकेत ओळखण्याच्या गणिती पद्धती घडवण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर यांचा वाटा मोठा आहे.

गावातली प्रयोगशाळा

अशा यंत्राला त्रास देणाऱ्या जमिनीच्या थरथरीचा प्रयोगही गावात होतो. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तो परभणीतही जाणवला. स्प्रिंगला जुन्या स्पीकरचं चुंबक टांगा, खाली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवा. जमीन हलली की तारेत वीज निर्माण होते. हाच साधा भूकंपमापक. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यांना ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकांनी थरथर मोजू देतं. त्याहून सोपा प्रयोग लंबकाचा. १ मीटर दोरीला दगड बांधून एकच हेलकावा मोजला, तर हाताची चूक मोठी राहते. २० हेलकावे मोजले, तर ४० सेकंदांच्या आसपास वेळ येतो आणि तीच चूक वीस हेलकाव्यांत वाटली जाते.

शाळांकडून मागणं एकच आहे. दुकानातून आणलेलं थर्माकोलचं मॉडेल ठेवून घेऊन गुण देणं थांबवावं. प्रकल्पाच्या वहीत प्रत्येक मोजमाप असावं, न जुळलेलंही, आणि ते का जुळलं नाही याच्या शोधाला सर्वाधिक गुण असावेत. औंढ्याच्या यंत्राला फक्त मोठे शास्त्रज्ञ पुरणार नाहीत. निर्वात नळ्या, आरसे, लेझर, संगणक सांभाळणारे शेकडो कुशल हात लागतील. ते हात जिंतूर, बोरी, औंढ्याच्या शाळांतले असावेत असं वाटत असेल, तर त्यांच्या हातात मोजपट्टी आज, आठवी-नववीतच द्यायला हवी.