मालिका लांबते कुणासाठी?

टीव्हीवरची मालिका हा चेष्टेचा विषय आहे, असं शिकलेल्या माणसांनी केव्हाच ठरवून टाकलं आहे. चार पुरुष टपरीवर चहाला बसले की सासू-सुनांच्या रडारडीवर हसतात, आणि रात्री जेवताना तीच मालिका ताटावरून मान वर करून बघतात. पण मंडळी, मला आज त्या रडण्याबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचं आहे ते रागाबद्दल. मालिका आवडते, पात्रांवर जीव जडतो, आणि मग एक दिवस वाहिनी त्या मालिकेचं असं काही करून ठेवते की बघणारी बाई संतापते. बोटं मोडते, 'उद्यापासून लावणारच नाही' म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा टीव्हीसमोर येऊन बसते. हा राग खरा असतो का? आणि असला तर तो वाहिनीपर्यंत पोचतो का?

जान्हवीचं उदाहरण तुम्हाला आठवत असेलच. 'होणार सून मी ह्या घरची' ही मालिका जुलै २०१३ मध्ये झी मराठीवर सुरू झाली. श्री म्हणजे शशांक केतकर, जान्हवी म्हणजे तेजश्री प्रधान, आणि घरात एक नाही, दोन नाही, सहा सासवा. त्यातही नवल असं की त्या सुनेला जीव लावणाऱ्या. सासू म्हणजे छळ, हे वर्षानुवर्षांचं गणित या मालिकेनं उलटं मांडलं आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. सराफाच्या दुकानात बायका 'जान्हवीचं मंगळसूत्र' मागू लागल्या. आमच्या घरात दखनी बोलली जाते. माझी सून बिदरकडची, लग्न होऊन उमरग्याला आली तेव्हा तिला मराठी बेताचीच येत होती. तिनं पहिलं धडधडीत मराठी वाक्य मला ऐकवलं ते 'काहीही हं!' आणि मीही ते आनंदानं ऐकून घेतलं.

पुढे जान्हवीची स्मृती गेली. मग तिला दिवस गेले. आणि मग मात्र दिवस जाता जाईनात. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत राहिली, सण आले, गेले, पण बाळ काही येईना. हत्तीणसुद्धा २२ महिन्यांत मोकळी होते, अशा थाटाचे विनोद फोनाफोनांवरून फिरू लागले. आपण सगळे हसलो. पण त्या हसण्याखाली काय होतं, याचा विचार फार कुणी केला नाही. ज्या बाईनं स्वतः नऊ महिने बोटांवर मोजले आहेत, तिला कुणी हे गणित चुकीचं शिकवू लागलं तर तिला तो आपला अपमान वाटतो. 'आम्हाला काय खुळं समजतात का?' हे वाक्य मी त्या काळात कितीतरी घरांत ऐकलं. मालिका संपली जानेवारी २०१६ मध्ये. सुरुवातीला जिच्यासाठी लोक जेवण लवकर उरकत होते, तिच्या शेवटाला 'सुटलो एकदाचे' म्हणाले.

असं का होतं? वाहिनीतल्या माणसांना हे कळत नाही का? चांगलं कळतं. पण त्यांच्यासमोर जो कागद येतो, त्यावर राग लिहिलेला नसतो.

तो कागद म्हणजे टीआरपी. हा शब्द आता पोरंसोरंही वापरतात, पण तो कसा मोजतात हे फारसं कुणी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटींच्या घरात होती. त्यांतली सुमारे ५५ हजार घरं निवडून तिथं 'बार्क' या संस्थेचं एक यंत्र बसवलेलं होतं. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. ती यंत्र ओळखतं. घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक बटण दिलेलं असतं, बघायला बसलं की ते दाबायचं. ही घरं कोणती, हे गुप्त ठेवतात. सगळ्यांचा हिशेब करून दर गुरुवारी आकडे येतात. म्हणजे बघा, एका घराच्या मागे अंदाजे पावणेचार हजार घरं उभी. त्या एका घरातल्या सुनेनं जे लावलं, ते पावणेचार हजार घरांनी लावलं असं धरायचं.

नमुना घेऊन अंदाज करणं यात तसं वावगं काही नाही. आपणही भाताचं एक शीत दाबून बघतो. प्रश्न असा की शीत कुठल्या पातेल्यातलं? २०१५ पर्यंत हे काम 'टॅम' नावाची संस्था करत होती आणि तिच्या मोजणीत खेडी नव्हतीच. ग्रामीण भागाचे आकडे बार्कनं दिले ते ऑक्टोबर २०१५ पासून. याचा अर्थ, जान्हवीच्या अडीच वर्षांतली पहिली सव्वादोन वर्षं उमरग्याच्या आसपासच्या गावांनी ती मालिका बघितली काय आणि न बघितली काय, कागदावर त्याची नोंद शून्य. आमच्याकडच्या बायका उगाचच रागावत होत्या म्हणायच्या!

आणि मोजलं तरी काय मोजतात? टीव्ही लावला की नाही एवढंच. खूष होऊन बघणारी आणि दातओठ खात बघणारी, दोघींचं बोट एकच बटण दाबतं. उलट चिडलेली बाई शेजारणीला हाक मारून म्हणते, 'अगं बघ तरी, आज काय मूर्खपणा दाखवतात ते!' झाली एकीच्या दोघी. राग जितका वाढेल तितका आकडा फुगण्याचीच शक्यता जास्त.

आता पैशाचं. आपल्याला वाटतं आपण गिऱ्हाईक. तसे आपण पैसेही मोजतो; २०१९ पासून तर वाहिन्या निवडून त्यांचे वेगवेगळे दर भरायची पद्धत आली. पण वाहिनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. साबणवाला, मसालेवाला, सोनेवाला. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, त्यांतली दोन वाहिनीनं स्वतःच्या कार्यक्रमांची करायची. ही मिनिटं विकायची तर त्या वेळेला इतके लोक हमखास बसलेले असतात, असं दाखवावं लागतं. म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल कोण? तुम्ही आणि मी.

चाललेली मालिका बंद करून नवी आणायची म्हणजे नवा वाडा उभा करायचा, नवे चेहरे ओळखीचे करायचे, आणि लोक बसतील की नाही ही धाकधूक. जुनीचं सगळं तयार असतं. निर्मात्याला भागागणिक पैसे मिळतात, मालिकेचे हक्क बहुतेक वेळा वाहिनीकडे असतात. मग कोण कशाला थांबेल? ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली ती २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. नावात चारच दिवस! यात खरी फरफट लेखकाची होते. गुरुवारी आकडा उतरला की शुक्रवारी त्याला निरोप येतो, मेलेला माणूस जिवंत करा, नाहीतर जिवंत आहे तो मारा. कविता लिहिणारा माणूस म्हणून मला त्याची दया येते. माझ्या कवितेला मानधन नसतं, पण तिचा शेवट तरी माझ्या हातात असतो.

मुशायऱ्यात श्रोत्यांना शेर आवडला की ते 'मुकर्रर' म्हणतात, म्हणजे पुन्हा होऊ द्या. शायर तो शेर पुन्हा म्हणतो. फारच दाद आली तर तिसऱ्यांदा म्हणतो. पण समोरच्यांचे चेहरे त्याला दिसत असतात. कुणी पान जुळवायला लागला, कुणी चप्पल शोधायला लागला, की शहाणा शायर सलाम करून बसतो. तमाशाच्या कनातीतही हेच. वाहिनीला चेहरे दिसत नाहीत, दिसतो तो फक्त आकडा.

थांबणारे नव्हतेच असं नाही. २०१२ साली झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. दिग्दर्शक सतीश राजवाडे, आणि मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी. गोष्ट सांगून झाली, त्याच वर्षी मालिका संपली, लोकप्रियता शिगेला असताना. लोक हळहळले, पण वैतागले नाहीत. आज इतक्या वर्षांनीही घना आणि राधाचं नाव काढलं की लोकांचे चेहरे खुलतात. गंमत अशी की हेच राजवाडे पुढे स्टार प्रवाह वाहिनीच्या कार्यक्रमांचे प्रमुख झाले. त्या वाहिनीकडे आपण पुढे येणारच आहोत.

मात्र प्रेक्षक म्हणेल तेच बरोबर, असंही मी म्हणणार नाही. दूरदर्शनचा जमाना आठवा. 'हम लोग' १९८४-८५ मध्ये चालू होती तेव्हा देशभरातून पत्रांचा पाऊस पडायचा, आणि अशोककुमार शेवटी येऊन लोकांशी बोलायचे. 'रामायण' ३१ जुलै १९८८ ला राज्याभिषेकानंतर थांबली, तेव्हा जालंधरसारख्या उत्तरेकडच्या शहरांतल्या सफाई कामगारांनी काम बंद केलं. त्यांचं दैवत वाल्मीकी. आणि वाल्मीकींच्या आश्रमातली लव-कुशांची कथा तर राहूनच गेली होती. रस्त्यांवर कचरा साचला आणि पुढे उत्तररामायण पडद्यावर आलं. हा हट्ट मला पटतो. त्या माणसांचा कथेवर हक्क होता.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांची 'महाभारत' सुरू झाली. संवाद राही मासूम रझा यांचे. महाभारत मुसलमानानं का लिहावं, अशी विरोधाची पत्रं चोप्रांकडे आली होती. सांगतात ते असं की राहींनी आधी या कामाला नकार दिला होता. ही पत्रं चोप्रांनी त्यांच्याकडे पाठवली आणि ती वाचूनच त्यांनी लिहायचं पक्कं केलं, मी गंगेचा मुलगा आहे म्हणाले. गाझीपूरकडच्या गंगौलीचा हा माणूस. त्यानं काळाच्या तोंडी घातलेली भाषा आज कुणाला परकी वाटते? तेव्हा पत्र आलं म्हणजे ते मानलंच पाहिजे असं नाही. पण पत्र कुणीतरी उघडत होतं, वाचत होतं, त्यावर काहीतरी ठरत होतं.

आज तक्रार करायची म्हटलं तर जागा आहे. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून बीसीसीसी नावाची तक्रार परिषद आहे. पडद्यावर हिंसा फार झाली, बीभत्स दाखवलं, मुलांना अपाय होईल असं काही आलं, तर तिथं दाद मागता येते. पण 'मालिका उगीच लांबवली' किंवा 'वेळ बदलून आमची पंचाईत केली' हा तिथला विषयच नाही.

या वेळ बदलण्याबद्दल लोक कमी बोलतात. मला मात्र तेच जास्त लागतं. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये 'आई कुठे काय करते' सुरू झाली. मूळ बंगालीतली 'श्रीमयी'; हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. पंचवीस वर्षं सगळ्यांचं करत आलेली अरुंधती, नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण उघडं पडल्यावर घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, गाते. मधुराणी प्रभुलकर यांनी ती अशी उभी केली की बायकांना ती नात्यातलीच वाटली. पुढे तिचं दुसरं लग्न दाखवलं तेव्हा भांडणं झाली, आणि तो दुसरा नवरा आशुतोष अपघातात मारून टाकला तेव्हा तर लोक फारच चिडले. तरी रात्री साडेसातची वेळ पाळत होते. मार्च २०२४ मध्ये त्या वेळेला 'घरोघरी मातीच्या चुली' ही नवी मालिका आली आणि अरुंधतीची रवानगी झाली दुपारी अडीचला.

वाहिनीच्या बाजूनं यात हिशेब आहे. नव्या रोपाला चांगली जमीन द्यायची. जुनं झाड कुठंही जगेल आणि दुपारचा ओसाड तुकडाही हिरवा करील. पण दुपारी अडीचला घरात कोण असतं? मुंबई-पुण्यातल्या नोकरीवाल्या बायका नसतात. आमच्या तालुक्यात खुरपणीला गेलेली बाई पाच-साडेपाचला परतते. शाळेत खिचडी शिजवणारी, अंगणवाडीत काम करणारी, दवाखान्यात झाडलोट करणारी, कुणीच घरी नसते. घरी असलीच तर दुपारी वीज असेल याची खात्री नाही. जिनं अरुंधतीकडे बघून मनाशी काही ठरवलं असेल, ती नेमकी कामाला जाणारी बाई. तिचीच वेळ गेली.

'मोबाईलवर बघा की' असं म्हणतात. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची आवडती मालिका अशीच दुपारवर गेली. कोणती ते सांगत नाही. त्या मुलाच्या मोबाईलवर, मुलगा देईल तेव्हा, रिचार्ज शिल्लक असेल तर बघायच्या. मी विचारलं, 'दिसते ना मग?' तर म्हणाल्या, 'दिसते हो भाईजान. पण पूर्वी आम्ही पाचजणी बसायचो. आता बोलू कुणाशी?'

'आई कुठे काय करते'चा शेवटचा भाग दाखवला तो ३० नोव्हेंबर २०२४ ला, शनिवारी. तोही दुपारीच. आमच्याकडे तेव्हा हरभऱ्याच्या खुरपणीचे दिवस होते.