सर्व ऋतूंचे टायर आणि मनुरेवाचा पाऊस

मनुरेवा या नावाचा उगम माओरी परंपरेत ‘ते मनुरेवा ओ तामापाहोरे’, म्हणजे तामापाहोरे याचा वाहून गेलेला पतंग, असा सांगितला जातो. ज्या भूमीस वाऱ्यावर वाहून गेलेल्या पतंगाचे नाव मिळाले, तेथील हवेचा भरवसा तो काय धरावा? सकाळी ऊन, दहा वाजता सर, दुपारी पुन्हा ऊन आणि सायंकाळी ग्रेट साउथ रोडच्या ओल्या डांबरावर दिव्यांची प्रतिबिंबे, हा येथील नित्याचा क्रम. एका दिवसात चार ऋतू, असे ऑकलंडकर स्वतःच म्हणत असतात. म्हणूनच टायरच्या दुकानात ‘ऑल-वेदर’, म्हणजे सर्व हवामानांचा, हा शब्द कानी पडताच तो जणू याच गावासाठी घडविला असावा असे आपल्या माणसास वाटते. हा शब्द कितपत खरा आहे आणि त्यावर विसंबून आपली मुलेबाळे गाडीत बसवावीत काय, याचा विचार वाचक बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पावसास आपण नवखे नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या मुलखात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांस पाऊस म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. परंतु दोन्हीकडच्या पावसाची जात वेगळी आहे. मुंबईत वर्षाचे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळते. ऑकलंडमध्ये वर्षाकाठी साधारण ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बाराही महिने विखुरलेला. जून-जुलैत अधिक, उन्हाळ्यात कमी, इतकाच फरक. येथे पावसाळा लागत नाही आणि उघडतही नाही. त्यामुळे गाडी पावसासाठी सज्ज करण्याचा मुहूर्तही कधी येत नाही, आणि ती सदैव सज्ज ठेवावी लागते.

त्यातही कपटी तो कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस. रस्त्यावर साचलेले तेल, रबराची भुकटी आणि धूळ पाण्यात कालवून एक निसरडा थर तयार होतो. जोराच्या सरीने तो धुऊन जाईपर्यंत रस्ता साबणासारखा असतो. लोद, दिमोना, अश्दोद येथील आपल्या आप्तांस कोरड्या उन्हाळ्यानंतर शरद ऋतूत येणाऱ्या पहिल्या पावसाचा हा गुण चांगला परिचयाचा आहे. ज्यांच्या पूर्वजांस कोकणात शनवार तेली म्हणत, त्यांस तेल आणि पाणी यांचे नाते निराळे सांगावयास नको!

आता टायरकडे वळू. बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असे. तिला ऊन काय नि पाऊस काय, सारखेच. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनविला, आणि तेव्हापासून चाकाचा आणि हवामानाचा संबंध जुळला. कारण रबर ही ऋतुमानाप्रमाणे बदलणारी वस्तू. ज्यांस भांडुपचा सिएटचा कारखाना ठाऊक आहे ते जाणतात की टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्यात काजळी, सिलिका, तेले, कापडी धागा आणि पोलादी तार असे अनेक पदार्थ एकत्र येतात. या मिश्रणाचे प्रमाण बदलले की टायरचा स्वभाव बदलतो. सामान्य, म्हणजे उन्हाळी, टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्यास धरीत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीत मऊ राहते, परंतु ऊबदार रस्त्यावर ते गरजेपेक्षा अधिक मऊ पडते, चटकन झिजते आणि वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटते.

या दोहोंचा मध्य साधण्याचा यत्न म्हणजे सर्व ऋतूंचा टायर. फिनलंडमधील कारखान्याने १९३४ साली खास हिवाळी टायर बाजारात आणला. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ साली ‘टिएम्पो’ नावाचा बारमाही टायर काढला आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याचा त्रास वाचविण्याची कल्पना घरोघरी पोहोचली. २०१५ साली मिशलॅं कंपनीचा ‘क्रॉसक्लायमेट’ आला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी या जातीचे टायर विक्रीस आणले. दुकानात ‘ऑल-सीझन’ आणि ‘ऑल-वेदर’ हे दोन्ही शब्द ऐकू येतात आणि पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरलेही जातात. म्हणून शब्दापेक्षा टायरच्या बाजूवरील खूण पाहावी. ‘एम’ आणि ‘एस’ ही चिखल व बर्फ यांची इंग्रजी आद्याक्षरे असली, तर ती केवळ कारखानदाराची स्वतःची ग्वाही होय. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेला असेल, तर मात्र तो टायर बर्फावरील ठराविक कसोटीस उतरलेला आहे असे समजावे. ही दुसरी खूण १९९९ पासून प्रचारात आली.

परंतु मनुरेवात बर्फ कोठे आहे? १५ ऑगस्ट २०११ रोजी ऑकलंडमध्ये हिमाचे चार कण भुरभुरले, त्याची आठवण लोक अद्याप काढतात. यावरूनच ते किती दुर्मिळ हे कळावे. जुलैतील दुपारचे तापमानही येथे १४-१५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे ज्या गुणासाठी हिमकणाची खूण मिळते, त्या गुणाची आपणांस घराजवळ गरज बहुधा पडतच नाही. आपणांस हवी ती ओल्या रस्त्यावरील पकड. युरोपात २०१२ पासून विक्रीच्या टायरवर एक लेबल लावावे लागते आणि त्यावर ओल्या रस्त्यावरील पकडीची प्रत अक्षरांनी दर्शविलेली असते. ‘ए’ सर्वांत उत्तम. युरोपीय बनावटीचा टायर घेताना दुकानदारास ही प्रत अवश्य विचारावी. ‘ऑल-वेदर’ या शब्दापेक्षा हे एक अक्षर मनुरेवाच्या रहिवाशास अधिक उपयोगी आहे.

वाहन चालविणाऱ्या काही परिचितांचे अनुभव आम्ही मुद्दाम विचारले. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका भगिनीने सर्व ऋतूंचे टायर घेतले आहेत. पहाटे दक्षिण मोटारवेवर पाऊस असला तरी गाडी सरळ चालते, ब्रेक लावताना मन धास्तावत नाही, असे त्या सांगतात. मालाची व्हॅन चालविणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार वेगळी: त्यांच्या मते चांगले उन्हाळी टायर अधिक काळ टिकतात, आवाज कमी करतात आणि पावसातही उणे पडत नाहीत. तिसरे कुटुंब जुलैच्या शाळेच्या सुटीत मोटारीने वेलिंग्टनला जाते. वाटेत तुरांगी ते वायोउरू हा डेझर्ट रोड लागतो. तो हजार मीटरांहून अधिक उंच चढतो आणि बर्फामुळे अधूनमधून बंद ठेवावा लागतो. त्यांस हिमकणाच्या खुणेचे टायर उपयोगी पडले. तरीही रस्ता बंद असल्याची पाटी दिसली की कोणत्याही टायरच्या भरवशावर पुढे जाऊ नये, हेही त्यांनीच आम्हांस बजावले. या तीन उत्तरांत विरोध नाही. ज्याचा रस्ता जसा, तसा त्याचा टायर.

चौथा अनुभव मात्र अधिक गंभीर आहे, आणि तो ऐकूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरविले. आपल्या गावाशेजारी विरी येथे निसान मोटारींची जुळणी होत असे. १९९८ साली मोटारींवरील आयातशुल्क रद्द झाले आणि त्याच वर्षी देशातील मोटार जुळणीचे कारखाने बंद पडले. तोपर्यंत जपानमधून वापरलेल्या गाड्यांचा ओघ सुरू झालेलाच होता. नव्याने आलेले कुटुंब आपली पहिली गाडी बहुधा याच ओघातून घेते. जपानच्या उत्तरेस कडाक्याचा बर्फ पडतो, आणि तेथील काही गाड्यांस बर्फासाठीचे मऊ रबराचे टायर असतात. त्यांवर ‘स्टडलेस’, ‘आइस’ किंवा ‘स्नो’ असे शब्द असतात. एका तरुणाच्या गाडीस असे टायर होते. त्यांचे दाट खाचांचे नक्षीकाम पाहून घरच्यांस ते नवे आणि मजबूत वाटले. पावसात एका वळणावर गाडीचा मागील भाग सरकला. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बर्फाचा टायर म्हणजे अधिक दणकट, म्हणून पावसासाठी उत्तम, असे नव्हे. ऊबदार ओल्या रस्त्यावर त्याची पकड साध्या टायरहून कमी असू शकते. याच कारणासाठी २०१४ पासून न्यूझीलंडात नियम आहे की असे हिवाळी टायर वापरावयाचे तर चारही चाकांस तेच असावेत आणि त्यांच्या खाचांची खोली किमान ४ मिलिमीटर असावी. साध्या टायरला ही मर्यादा १.५ मिलिमीटर आहे. गाडी घेण्यापूर्वी खाली वाकून चारही टायरांची अक्षरे वाचावीत. रंग आणि रेडिओ पाहण्यापूर्वी हे काम उरकावे.

१.५ मिलिमीटर हा आकडा आपण नीट समजून घ्यावा. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. रस्त्यावरील पाणी बाजूस सारणे हे त्या खाचांचे काम. त्या उथळ झाल्या की पाण्यास वाट मिळत नाही आणि ठराविक वेगानंतर टायर पाण्यावरच तरंगू लागतो. तेव्हा सुकाणू आणि ब्रेक दोन्ही निरर्थक होतात. प्रत्येक टायर रस्त्यास जेमतेम तळहाताएवढाच टेकलेला असतो, आणि चार तळहातांवर सारे कुटुंब शंभर किलोमीटरच्या वेगाने धावत असते, हे क्षणभर मनात आणावे. कायद्याची मर्यादा म्हणजे त्याखाली दंडास पात्र अशी रेषा. त्या रेषेवर सुरक्षितपणा असतो असा तिचा अर्थ नाही. ३ मिलिमीटर उरले की नव्या टायरची तजवीज करावी, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

हवेच्या दाबाचेही तसेच. अमेरिकेतील नासा संस्थेच्या लॅंग्ली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग झाले आणि त्यांतून असे दिसले की चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या हिशेबाने ३२ पौंड दाबास हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २४ पौंडास सुमारे ८२ किलोमीटर येतो. मोटारीचा टायर आणि विमानाचे चाक सर्वस्वी सारखे नाहीत, परंतु धडा तोच: हवा कमी, तर संकट लवकर. पेट्रोल पंपावर हवा भरण्यास पाच मिनिटे लागतात. योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटविलेला असतो.

आणखी दोन गोष्टी. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपुढील संख्येच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. खाचा खोल दिसत असल्या तरी जुने रबर कडक होऊन पकड गमावते; वापरलेले टायर स्वस्तात घेणाऱ्यांनी हे आकडे प्रथम वाचावेत. दुसरे असे की, दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागील चाकांस बसवावेत. पुष्कळांस हे उलटे वाटते. परंतु ओल्या रस्त्यावर पुढील चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागील चाके घसरली तर ती भोवऱ्यासारखी फिरते.

२७ जानेवारी २०२३ चा शुक्रवार ऑकलंडकर विसरणार नाहीत. त्या दिवशी शहरात काही ठिकाणी चोवीस तासांच्या आत २४० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, विमानतळाच्या इमारतीत पाणी शिरले आणि चार जणांनी प्राण गमावले. अशा दिवशी सर्व ऋतूंचा टायर आणि झिजलेला टायर यांत काही अंतर उरत नाही. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, हाच एक नियम. २६ जुलै २००५ ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांस अधिक काय सांगावे?

अखेरीस, आपल्या घरांतील एका रीतीविषयी. नवी गाडी वडील चालवितात, त्याखालची आईकडे जाते आणि सर्वांत जुनी गाडी, सर्वांत झिजलेल्या टायरांसह, नुकताच परवाना मिळालेल्या मुलाच्या वा मुलीच्या हाती येते. अनुभव सर्वांत कमी आणि चाके सर्वांत वाईट, असा हा योग आपणच जुळवून आणतो. परदेशी नव्याने संसार मांडताना पैसा जपून वापरावा लागतो हे आम्ही जाणतो. भाडे, शाळा, गावाकडे पाठवावयाची रक्कम, यांत टायरचा क्रमांक शेवटचा लागतो. परंतु घरात चार चांगले टायर घेण्याइतकीच ऐपत असेल, तर ते सर्वांत लहान चालकाच्या गाडीस बसवावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्याबरोबर त्यास येथील वाहतूक-नियमांतील शिकवणही द्यावी: कोरड्या रस्त्यावर पुढील गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर, ओल्या रस्त्यावर चार सेकंदांचे. टायरवर कोणतेही नाव कोरलेले असो, हे अंतर चालकानेच राखावयाचे असते.